अँटिगनीच्या अभिवाचनात कोरसची गाणी गाळावीत का?

अर्धविराम
आमच्या गटाने यंदा प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लिसच्या 'अँटिगनी'चं अभिवाचन करायचं ठरवलंय. वाचणारे आठ जण, वेळ सव्वा तास. संहिता घेऊन बसलो आणि गाडी अडली ती कोरसवर, म्हणजे नाटकात एकत्र गाणाऱ्या मंडळींवर. दोघांचं भांडण ऐन रंगात येतं आणि तेवढ्यात थीब्जचे म्हातारे गायला लागतात. कधी माणसाच्या कर्तबगारीवर, कधी प्रेमावर, तर कधी भलत्याच कुणाच्या पुराणकथेवर. गटात आता दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, गाणी सरळ काढा, कथानकाचं काही बिघडत नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, कोरस म्हणजे आपला सूत्रधारच, तेव्हा सगळं एका निवेदकाला द्या. शोकांतिकेच्या बांधणीत कोरसचं नेमकं काम काय, हे कुणी उदाहरण देऊन सांगेल का?

उत्तररंग
गाणी काढू नका, ही कळकळीची विनंती.

ग्रीक शोकांतिकेचे भाग मोजतात तेच मुळी कोरसवरून. ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये दिलेल्या व्याख्या बघा. कोरस येण्याआधीचा भाग तो प्रोलोगोस. कोरसचं पहिलं गीत ते पॅरोडोस. कोरसच्या दोन पूर्ण गीतांमधला भाग तो एपिसोड. आत आल्यावर कोरस ऑर्केस्ट्रात, म्हणजे नाचाच्या मोकळ्या जागेत, जी गीतं गातो ती स्टॅसिमॉन. आणि ज्याच्यानंतर कोरसचं गीत उरत नाही तो एक्झोडोस. प्रत्येक व्याख्येला खुंटी कोरसचीच आहे. वाढही त्याच क्रमाने झाली: आधी कोरस आणि एकच नट, मग नाटककार एस्किलसने दुसरा नट आणला, सोफोक्लिसने तिसरा.

सूत्रधाराबद्दल. सूत्रधाराला नाटक ठाऊक असतं, कोरसला पुढचं काहीच माहीत नसतं. तुमच्याच नाटकाची सुरुवात घ्या. पहाट व्हायची आहे, अँटिगनी बहिणीला बाहेर बोलावून सांगते की मी भावाचं प्रेत पुरणार, राजाची आज्ञा काही असो. दोघी जातात आणि म्हातारे येतात ते उगवत्या सूर्याला हाक मारत, शत्रूच्या हल्ल्यातून शहर वाचलं म्हणून आनंदाने गात. त्यांच्या दृष्टीने संकट काल रात्री संपलं. नवं संकट दारात उभं आहे हे आपल्याला कळलेलं असतं, त्यांना नाही. हे गीत गाळलंत तर राजा क्रिऑन थेट येऊन हुकूम सुनावेल आणि आपल्या पोटात जो गोळा यायला हवा तो येणारच नाही.

पुढे क्रिऑन अँटिगनीला खडकातल्या गुहेत जिवंत कोंडतो. आंधळा द्रष्टा टायरेसियस भविष्य सांगून गेल्यावर क्रिऑन हादरतो आणि काय करू म्हणून विचारतो. तेव्हा कोरसचा प्रमुख सांगतो: आधी त्या मुलीला खडकातल्या कोठडीतून सोडव, मग उघड्यावर पडलेल्याला थडगं दे. क्रिऑन निघतो. म्हाताऱ्यांना वाटतं, सुटलो! ते डायोनिसस देवाला आळवतात, ये आणि शहर शुद्ध कर. हे नाटकातलं सगळ्यात उल्हासाचं गीत. ते संपतं न संपतं तोच दूत येतो. त्याच्या तोंडून कळतं की क्रिऑनने क्रम उलटा केला. कुत्र्यांनी फाडलेलं प्रेत आधी धुतलं, नव्याने तोडलेल्या फांद्यांवर जाळलं, वर मातीचा ढिगारा रचला आणि मग तो गुहेकडे गेला. तोवर अँटिगनीने गळफास घेतला होता. सल्ला बरोबर होता, तो मानलाही गेला, आणि म्हातारे नाचत असताना तिकडे सगळं संपलं. मला तर अख्ख्या नाटकात याहून निष्ठुर जागा दिसत नाही, आणि ती उभी आहे त्या गीतावर. गीत काढा, मग दूत फक्त बातमी सांगायला आलेला माणूस होतो.

तिसरी घंटा
बहुतेक सगळं पटलं, पण हे प्रत्येक शोकांतिकेला लागू पडेल असं समजू नये. खुद्द ॲरिस्टॉटल म्हणतो की कोरसला एक पात्र धरावं, ते सोफोक्लिसच्या रीतीने, त्याच्याच काळातल्या युरिपिडिसच्या नव्हे. आणि ॲगॅथॉन या नाटककारापासून तर कुठल्याही नाटकात घुसवता येतील अशी गाणी सुरू झाली, असं तो नोंदवतो. म्हणजे 'गाणी कथानकापासून सुटी पडतात' ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

तरी युरिपिडिसच्या 'मेडिया'त (इ.स.पू. 431) एक जागा आहे. मेडिया आपल्याच मुलांना मारायला आत जाते आणि आतून मुलांच्या किंकाळ्या येतात. आत जाऊ का, मुलांना वाचवू का, असं कोरसमधल्या कॉरिंथच्या बायका विचारतात. आतली मुलं 'हो, वाचवा' म्हणतात. बायका जात नाहीत. एस्किलसच्या 'ॲगामेम्नॉन'मध्ये (इ.स.पू. 458) तर राजवाड्यातून राजाचा आक्रोश ऐकू येताच एका सुरात बोलणारा कोरस फुटतो आणि एकेक म्हातारा दोन-दोन ओळी बोलतो. कुणी म्हणतो नागरिकांना हाका मारू, कुणी म्हणतो आत्ताच आत घुसू, कुणी म्हणतो राजा मेला हे आधी खात्रीने कळू दे. अशा बारा जोड्या. तोवर दार उघडतं आणि राजाला मारणारी त्याची राणी क्लायटेम्नेस्ट्रा प्रेतांपाशी उभी असते. एका निवेदकाकडून हे वाचून घेऊन पाहा, काही हाताला लागणार नाही.

अर्धविराम
दोघांचे मनापासून आभार. गाणी ठेवायची हे माझ्यापुरतं ठरलं. पण सव्वा तासात सगळं बसत नाही आणि पात्रंच आठ आहेत. कोरससाठी माणसं आणू कुठून?

उत्तररंग
अथेन्समध्ये बोलणारे नट तीनच असत, मुखवटे बदलून तेच सगळ्या भूमिका करत. कोरसमध्ये मात्र सोफोक्लिसच्या काळात पंधरा जण, आणि तेही धंदेवाईक नट नव्हेत, शहरातलेच नागरिक. त्यांच्या तालमीचा आणि पोशाखांचा खर्च एखादा श्रीमंत नागरिक उचलायचा. एस्किलसच्या 'पर्शियन्स'साठी इ.स.पू. 472 मध्ये तो पुढे अथेन्सचा पुढारी झालेल्या पेरिक्लिसने उचलला होता.

तुम्हीही तेच करा. तीन वाचकांवर आठही भूमिका टाका, बाकीच्या पाचांचा कोरस करा. त्यातला एक प्रमुख. क्रिऑनशी होणारं कोरसचं साधं बोलणं त्याच्याकडे. पॅरोडोसमध्ये गायची कडवी आणि चालीवर म्हणायच्या ओळी आळीपाळीने येतात, तेव्हा कडवी पाचांनी मिळून आणि मधल्या ओळी प्रमुखाने एकट्याने म्हणाव्यात.

कात्री लावायचीच तर डॅनाई आणि लायकर्गसच्या कथा येतात त्या चौथ्या स्टॅसिमॉनला लावा. संदर्भ ठाऊक नसलेल्या श्रोत्याला ते जड जातं. पॅरोडोस आणि डायोनिससचं गीत मात्र अख्खं ठेवा, आणि त्या गीतानंतर थांबू नका. शेवटच्या शब्दावरच दूताला बोलू द्या.