जोडीने रॉक कॉन्सर्ट: कोण कोणाला ओढून नेतं?

गोव्याबाहेरच्या माणसांना वाटतं, आम्ही रोज संध्याकाळी चपला घालायच्या आणि कुठल्याशा रॉक कॉन्सर्टला जायचं. इथे संगीत भरपूर, हे खरं. शॅकवर गिटार घेऊन बसलेला एकटा गायक असतो, वागातोरकडे इलेक्ट्रॉनिकची धडधड असते, चर्चच्या फेस्ताला आणि लग्नाला बॅण्ड असतो. पण कॉलेजात ज्यांची पोस्टरं भिंतीवर चिकटवली ते बॅण्ड बघायचे तर बहुतेक वेळा मुंबई नाहीतर बेंगळुरू गाठावं लागतं. मग रजा आली, रात्रीची गाडी आली, पोरांना आजीकडे ठेवणं आलं. असा खटाटोप माणूस शक्यतो जोडीने करतो, आणि जोडीतल्या दोघांना एकच गोष्ट आवडेल याची काही खात्री नसते. बहुतेक घरांत एक ओढून नेणारा असतो आणि एक ओढला जाणारा. माझं मत असं की सांगण्यासारखं जास्त या दुसऱ्याकडेच असतं.

म्हणून हा धागा. अट एकच: बॅण्ड किती भारी वाजला ते थोडक्यात आटपा, तुम्ही दोघं तिथे काय करत होता ते सविस्तर लिहा.

सुरुवात मीच करते.

पर्वरीहून

१५ डिसेंबर २०१९, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, यू-टू हा रॉक बॅण्ड. भारतात त्यांचा पहिलाच कार्यक्रम. १९८७चा 'द जोशुआ ट्री' अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत क्रमाने वाजवायचा, असा तो दौरा होता. ओढून नेणारी अर्थातच मी. आमचे हे बांधकामाच्या धंद्यातले. गाडीत अभंग नाहीतर जुनी हिंदी गाणी, तिसरं काही लागत नाही.

गोवेकरांनी एक लक्षात ठेवावं: कार्यक्रम नेरूळला असेल तर ठाणे-दादरपर्यंत जायचं कारण नाही. कोकण रेल्वेने पनवेलला उतरायचं आणि हार्बरची लोकल पकडायची. आम्ही वाटेत खारघरला नणंदेकडे उतरून अंघोळ-जेवण केलं. "गाणी ऐकायला गोव्यातून आलात?" असं तिने विचारलं ते माझ्याकडे न बघता, भावाकडे बघून. त्याने खांदे उडवले.

सुरुवातीची गाणी बॅण्डने गर्दीत शिरलेल्या छोट्या स्टेजवर वाजवली. मागचा प्रचंड पडदा तोवर अंधारातच. मग तो लाल झाला, त्यावर काळं झाड उभं राहिलं आणि मी रडायला लागले. शेजारून आवाज आला, "साठेक मीटर तरी असेल गं रुंदी. वारा कसा पेलत असेल?" पुढची दोन गाणी हा माणूस पडद्याच्या मागचा सांगाडा दिसतोय का म्हणून मान वाकडी करून बघत होता. मला राग यायला हवा होता, पण मजा वाटली. त्याच्या परीने तो पूर्ण गुंगला होता. शेवटाकडे ए. आर. रेहमान मुलींना घेऊन 'अहिंसा' म्हणायला आला तेव्हा मात्र त्याने मला कोपर मारून सांगितलं, "हा आपला माणूस."

आज आमच्याकडे कोणाच्या लग्नात जरा मोठं स्टेज दिसलं की तो त्या पडद्याची गोष्ट काढतो. यू-टूचा गायक बोनो, त्याचं नाव घेत नाही, पण पडदा किती मोठा ते हात पसरून दाखवतो.

फोंड्याहून

मी मुंबईत वाढलो, लग्नानंतर काही वर्षांनी नोकरी सोडून इकडे आलो. आमच्या पिढीचं तीर्थक्षेत्र म्हणजे धोबी तलावचं रंगभवन. १९८६ साली तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' हे रॉक संमेलन सुरू झालं. उघड्यावरचं नाट्यगृह, ऑगस्टची पावसाची भुरभुर, आणि आपल्याच कॉलेजात शिकतोय असं वाटणारा कोणीतरी स्टेजवर गिटार वाजवतोय. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी ते सगळं थांबलं. जवळच इस्पितळं आहेत, तेव्हा नियमाशी भांडण नाही. हळहळ मात्र आहे.

बायको फोंड्याचीच. घरात देवळातलं भजन, नाट्यसंगीत, तिच्या हातात पेटी. माझ्या कॅसेटींना ती 'आदळआपट' म्हणायची. फेब्रुवारी २००७मध्ये पिंक फ्लॉइड बॅण्डचा जुना गडी रॉजर वॉटर्स वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर आला. बॅण्डचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम सबंध वाजवणार होता. मी हट्टाने तिला नेलं.

पहिला भाग ती जांभया देत उभी होती. दुसऱ्या भागात 'मनी' सुरू झालं. नाण्यांचा खळखळाट, त्यावर बास गिटार. दहा-बारा सेकंदांत तिचा हात मांडीवर पडायला लागला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "सात मात्रा आहेत. आपला रूपक की हो." मला ते गाणं वीस वर्षं तोंडपाठ होतं, पण मात्रा मी कधी मोजल्या नव्हत्या. पुढे सॅक्सोफोन संपून गिटार आली आणि तिने लगेच माझं मनगट धरलं, "बदलला बघा! आता चारात गेला." अगदी बरोबर. गिटारच्या तुकड्याला ते गाणं चार मात्रांत जातं आणि गाणाऱ्याबरोबर पुन्हा सातात येतं. रूपक परत येईपर्यंत ती श्वास रोखून मोजत होती, आणि आला तेव्हा समेवर अशी दाद दिली की पुढचे दोन पोरगे वळून बघायला लागले.

त्यानंतर तिच्याबरोबर रॉक ऐकणं ही शिक्षाही झाली. कुठलंही गाणं लावलं की, "हं, केरवा." बहुतेक सगळंच रॉक केरव्यात, म्हणजे त्या आठ मात्रांच्या तालात, बसतं अशी तिची तक्रार आहे, आणि तिला उत्तर माझ्याकडे नाही.

म्हापशाहून

आमच्या घरात मेटलवेडी, म्हणजे जड, दणदणीत रॉकची वेडी बायको. मी सामान सांभाळणारा.

मेटालिका हा मेटल बॅण्ड, बेंगळुरूचं पॅलेस ग्राउंड्स, ३० ऑक्टोबर २०११. दोन दिवस आधी गुरुग्रामचा, तेव्हाच्या गुडगावचा, कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला होता आणि चिडलेल्या लोकांनी स्टेजवर चढून मोडतोड केली होती. म्हापशाहून रात्रीच्या बसने निघालो तेव्हा बेंगळुरूचं तरी होणार की नाही, याची तिला धास्ती. बसभर तिने मला झोपू दिलं नाही. हुबळीला बस थांबली तेव्हा चहा घेणाऱ्या काळ्या टी-शर्टवाल्या सगळ्यांना ती विचारत होती, "काही कळलं का?" सगळे काळे टी-शर्टवाले एकमेकांचे भाऊबंद असतात, हे मला त्या रात्री समजलं.

कार्यक्रम झाला. पुढे पोरं एकमेकांवर आदळत गोल फिरत होती, त्याला मॉश पिट म्हणतात. बायको मला म्हणाली, "तू इथेच थांब," आणि आत शिरली. मी बॅग, पाण्याची बाटली आणि तिच्या चपला धरून उभा. कोणी पडलं की तिथली चारजणं लगेच हात देऊन उठवतात, मग परत आदळायला लागतात. लांबून हाणामारी दिसते, पण आतली शिस्त आपल्या कदंबा बसच्या रांगेपेक्षा बरी.

ती बाहेर आली तेव्हा आवाज गेला होता. दोन दिवस घरात शांतता होती, हेही नमूद करतो.

ताळगावहून

थोडं व्यवसायातलं बोलते, कारण वर कोणीच कानांविषयी लिहिलेलं नाही. मी श्रवणतज्ज्ञ आहे, आणि नवरा प्रत्येक कॉन्सर्टला स्पीकरसमोर उभा राहणारा.

८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास, ही साधारण सुरक्षित मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला मिळतात फक्त १५ मिनिटं, आणि रॉक कॉन्सर्टला १०० सहज ओलांडले जातात. घरी आल्यावर कानात शिटी वाजते ती 'मजा आली'ची पावती नव्हे. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी दमल्याची ती खूण आहे. काही वेळा त्या सावरतात. मेलेल्या मात्र पुन्हा उगवत नाहीत.

फोमचे बोळे उंच स्वर जास्त अडवतात, म्हणून गाणं उशीखालून आल्यासारखं लागतं आणि लोक ते काढून खिशात टाकतात. संगीतासाठी वेगळे फिल्टरवाले इअरप्लग मिळतात. ते सगळे स्वर साधारण सारखेच खाली आणतात. नवऱ्याला हे पटवायला मला लग्नाआधीचा काळ आणि लग्नानंतरचाही बराच काळ लागला. शेवटी पटलं ते माझ्यामुळे नाही. त्याच्या आवडत्या बॅण्डचा ढोलवाला कानात प्लग घालून वाजवताना दिसला, त्यामुळे पटलं.

डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सवातले कार्यक्रम बघायला आम्ही मुलीलाही नेतो. तिच्या डोक्यावर मोठे इअरमफ असतात. लोक हसतात. हसू देत.

पेडण्याहून

आम्हा दोघांना गाणं दुय्यम, बुलेट मुख्य. २०१३ साली वागातोरला इंडिया बाइक वीक सुरू झाला तेव्हा चोपडें-शिवोलीचा पूल ओलांडून गेलो ते गाड्या बघायला. संध्याकाळी स्टेजवर रॉक बॅण्ड होते, ते फुकटात पदरात पडले. नवऱ्याने इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखायची आणि मी गिटारच्या पहिल्या दोन सुरांवरून गाणं, अशी आमची पैज लागली. तो हरला. तो हे वाचतोय.

गोव्यातल्या उघड्यावरच्या कार्यक्रमांचा एक फायदा सांगते. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, हा नियम देशभर आहे. सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. त्यामुळे पुष्कळदा १० वाजता गाणं आटोपतं आणि साडेदहाला आपण शिवोलीत रोस ऑम्लेट खात असतो. सासूबाईंना "कुठे होता एवढा वेळ" विचारायची संधीच मिळत नाही. तसं त्यांनीही काही विचारू नये. रेमो फर्नांडिसच्या कार्यक्रमाला त्या सासऱ्यांबरोबर माझ्या नवऱ्याला कडेवर घेऊन गेल्या होत्या. शिवोलीचा माणूस म्हणजे घरचाच, असं त्यांचं म्हणणं.

साखळीहून

आम्ही जोडीने जाणं बंद केलं. मला पुढे उभं राहायचं असतं, तिला बसायला खुर्ची हवी असते. मला शेवटपर्यंत थांबायचं, तिला गर्दीआधी निघायचं. आता मी मित्रांबरोबर जातो, ती त्या दिवशी माहेरी जाते. दोघंही खूश. सगळं जोडीनेच केलं पाहिजे असं कुठे लिहिलंय?

मडगावहून

नवरा साउंड इंजिनियर. आम्ही दोघं किती कॉन्सर्टना एकत्र होतो विचाराल तर असंख्य, पण त्यातला एकही त्याने माझ्याबरोबर ऐकला नाही. तो आवाजाच्या मिक्सरवर, मी कठड्याला टेकून मागे.

साखळीकरांच्या भांडणावर तोडगा आहे माझ्याकडे. आवाज सर्वांत चांगला अगदी पुढे नसतो. तो असतो मिक्सरच्या आसपास, स्टेजपासून थोडा मागे आणि मधोमध, कारण इंजिनियर तिथे उभा राहून आपल्या कानाला बरं लागेल तसा आवाज लावत असतो. तिथे गर्दी कमी, कठड्याला टेकताही येतं.

मोठ्या मैदानात मागच्यांसाठी मध्ये वेगळे स्पीकर उभारतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ७० मीटरवरचा स्पीकर सुमारे ०.२ सेकंद उशिरा वाजवावा लागतो, नाहीतर मागच्यांना प्रत्येक टाळी दोनदा ऐकू येते. नवरा कार्यक्रमाआधी मला मैदानाच्या टोकाला उभी करतो आणि स्टेजवरून टाळ्या वाजवतो. मी एक बोट वर केलं तर ठीक, दोन केली तर पुन्हा गणित. आमचं एकत्र कॉन्सर्टला जाणं ते हे.

किनाऱ्यावर काम सगळ्यात कटकटीचं. दिवसभर समुद्राकडून वारा येतो, रात्री पडतो किंवा उलटतो, आणि सहा वाजता लावलेला आवाज नऊ वाजता भलतीकडे गेलेला असतो. खाऱ्या हवेने कनेक्टर गंजतात ते वेगळंच. एकदा ऐन कार्यक्रमात गिटारचा आवाज खरखरायला लागला आणि नवरा स्टेजकडे धावला. धावताना मला म्हणाला, "त्या तिसऱ्या बटणावर बोट ठेव, हलवू नकोस." मी ठेवलं. दोन गाणी ठेवलं. तो परत आल्यावर कळलं की त्या बटणाचं काहीच काम नव्हतं. कोणी मिक्सरला हात लावू नये म्हणून मला तिथे उभी केली होती. त्या रात्री आम्ही घरी वेगवेगळ्या गाड्यांतून गेलो.

म्हापशाहून, त्याच घरातून

वरचं आत्ता वाचलं. चपला नव्हत्या, बूट होते. आणि शेवटच्या गाण्याला बॅग एका अनोळखी मुलीच्या हातात देऊन आत कोण शिरलं होतं, तेही लिहायला सांगा त्याला.