लहान नवउद्योगाने क्लाउड सेवा कोणत्या क्रमाने घ्याव्यात?

प्रश्न : उद्यमबागकर

नमस्कार. आम्ही तिघे मित्र बेळगावच्या उद्यमबागेतील लहान फौंड्री आणि मशीन शॉपसाठी एक सॉफ्टवेअर तयार करीत आहोत. प्रत्येक हीटचा (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा) क्रमांक, त्या हीटमधून ओतलेली कास्टिंग्ज, रासायनिक तपासणीचा अहवाल आणि जॉबवर्कला बाहेर गेलेल्या मालाचे चलन एकाच ठिकाणी नोंदवले जावे आणि पुण्या-कोल्हापूरच्या ग्राहकाने विचारताच मालकाला ते मोबाइलवरून पाठवता यावे, एवढाच हेतू आहे. ओळखीचे काही कारखानदार हे वापरून पाहण्यास तयार आहेत. मात्र त्यांना नेमके काय उपयोगी पडेल, हे अजून आम्हालाच ठाऊक नाही. म्हणून थोडे बनवायचे, वापरायला द्यायचे आणि त्यावरून पुढचे ठरवायचे, अशी लीन पद्धत आम्ही स्वीकारली आहे. भांडवल घरचे आहे आणि दरमहा पाच हजार रुपयांपेक्षा अधिक खर्च झेपणार नाही. कार्यालयातील संगणकच सर्व्हर म्हणून वापरावा, असे एकाचे मत आहे. क्लाउडचे, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणक सेवांचे, बिल अचानक फुगते, अशी दुसऱ्याची भीती आहे. सुरुवात कशी करावी, कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : खानापूर रोड

कार्यालयातील संगणकाचा विचार प्रथम बाजूला ठेवावा. वीज गेल्यावर यूपीएस काही काळ साथ देईल, परंतु इंटरनेटची जोडणी तुटली तर सर्व ग्राहकांचे काम एकाच वेळी थांबेल आणि तुमचे दिवस सॉफ्टवेअर सुधारण्याऐवजी यंत्र सांभाळण्यात जातील.

क्लाउड सेवांचे तीन थर सामान्यतः मानले जातात आणि अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०११ साली दिलेल्या व्याख्येतही तेच आहेत. पहिल्या थरात केवळ यंत्र, डिस्क आणि नेटवर्क भाड्याने मिळते, बाकी सर्व आपण पाहायचे. दुसऱ्या थरात आपण फक्त आपला प्रोग्रॅम देतो आणि तो चालवण्याची व्यवस्था कंपनी पाहते. तिसऱ्या थरात ईमेल किंवा हिशेबाचे तयार सॉफ्टवेअरच वापरायला मिळते. अनेक नवउद्योग पहिल्या थरापासून सुरुवात करतात, कारण भाड्याचे यंत्र आपल्या संगणकासारखेच दिसते आणि ओळखीचे वाटते. माझ्या मते तुमच्यासारख्यांनी दुसऱ्या थरापासून सुरुवात करावी.

कारण सरळ आहे. महिन्याचे तास साधारण ७३० असतात. तुमचे ग्राहक दिवसाला दहा तास, महिन्यातून सव्वीस दिवस काम करतात असे धरले, तर वापराचे तास २६० होतात, म्हणजे जेमतेम ३६ टक्के. उरलेल्या वेळी चालू असलेले यंत्र म्हणजे ओतकाम नसताना तापवत ठेवलेली भट्टी. या थरातील, वापरणाऱ्याच्या मोबाइलवरून विनंती (माहितीची मागणी किंवा नोंद) येईल तेव्हाच प्रोग्रॅम चालवणाऱ्या आणि तेवढ्याच वेळेचे पैसे घेणाऱ्या ‘सर्व्हरलेस’ सेवा अशा वापराला योग्य ठरतात. ॲमेझॉनच्या ‘लॅम्डा’ या अशा सेवेमध्ये दरमहा पहिल्या दहा लाख विनंत्यांना शुल्क नाही आणि सुरुवातीला तुमची संख्या त्याच्या जवळपासही जाणार नाही. बराच वेळ वापर नसेल तर पहिली विनंती थोडी सावकाश चालते, परंतु चलन नोंदवणाऱ्याला तेवढा विलंब चालण्यासारखा आहे.

तपासणी अहवालांच्या आणि कास्टिंगच्या छायाचित्रांसाठी ऑब्जेक्ट स्टोरेज, म्हणजे फायली ठेवण्याची वेगळी क्लाउड सेवा, घ्यावी. ती डेटाबेसमध्ये कोंबू नयेत. छायाचित्र मोबाइलवरच लहान करून थेट स्टोरेजमध्ये जाईल अशी रचना करावी. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी : एक जीबी डेटा महिनाभर ठेवण्यापेक्षा तोच एक जीबी इंटरनेटवरून बाहेर पाठवणे मोठ्या क्लाउड कंपन्यांकडे कितीतरी महाग असते. म्हणून यादीत मूळ छायाचित्रे न दाखवता त्यांच्या छोट्या प्रती दाखवाव्यात.

उत्तर २ : टिळकवाडी

वरील सदस्यांच्या विवेचनाशी बहुतांशी सहमत असूनही एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. ज्यांच्याकडे दरमहाची रक्कम ठरलेली आहे, त्यांना वापरानुसार बदलणाऱ्या बिलापेक्षा ठरावीक मासिक भाड्याचे एक लहान व्हर्च्युअल यंत्र (कंपनीच्या मोठ्या संगणकाचा स्वतंत्र संगणकासारखा चालणारा भाग) अधिक सोयीचे ठरू शकते. त्यावर प्रोग्रॅम आणि डेटाबेस दोन्ही बसतात, पुढे दुसऱ्या कंपनीकडे जायचे झाल्यास सर्व उचलून नेता येते आणि एखाद्या चुकीच्या प्रोग्रॅममुळे लाखो विनंत्या सुटल्या तरी यंत्र मंदावते, बिल मात्र सहसा वाढत नाही. सर्व्हरलेस रचनेत एकाच कंपनीच्या सेवांशी प्रोग्रॅम घट्ट बांधला जातो, याचाही विचार व्हावा.

मोठ्या कंपन्यांचे यंत्र घेऊन ते रात्री बंद ठेवण्याचा मार्ग पुष्कळ जण सुचवतात. तो अवलंबताना लक्षात असू द्यावे की यंत्र बंद असले तरी त्याच्या डिस्कचे शुल्क चालूच राहते. ॲमेझॉनकडे राखून ठेवलेल्या सार्वजनिक आयपी पत्त्याचेही (इंटरनेटवरील यंत्राच्या क्रमांकाचेही) शुल्क लागते आणि तेथील ‘आरडीएस’ डेटाबेस थांबवला तरी सात दिवसांनी तो आपोआप पुन्हा सुरू होतो. बिल फुगण्याची कारणे बहुधा अशीच लहान, विसरलेली असतात.

उद्यमबागकर :

दोघांचेही आभार. खात्यावर बजेट ठरवून दिले, तर तेवढी रक्कम होताच सेवा आपोआप थांबतात का?

उत्तर ३ : शहापूरची वाचक

दादा, थांबत नाहीत, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. ॲमेझॉन, गुगल आणि मायक्रोसॉफ्टचे ॲझ्युअर या तिन्हींकडे बजेट हा मुळात केवळ इशारा असतो. ठरवलेली रक्कम ओलांडल्यावर ईमेल येतो, सेवा चालूच राहते. आपोआप थांबवायचे असल्यास त्याची व्यवस्था वेगळी करावी लागते. त्यामुळे खाते उघडल्यावर पहिले काम म्हणून पंचवीस, पन्नास आणि ऐंशी टक्क्यांना इशारे लावावेत आणि ते तिघांच्याही ईमेलवर जातील असे पाहावे. मुख्य खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावून ते रोजच्या कामासाठी वापरूच नये. प्रवेशाच्या गुप्त चाव्या प्रोग्रॅममध्ये लिहून तो सार्वजनिक ठिकाणी चढवला, तर त्या शोधणारे लोक थोड्याच वेळात तुमच्या खर्चाने शेकडो यंत्रे चालवू शकतात.

इमारत, यंत्रे आणि वीज यांची जबाबदारी क्लाउड कंपनीची असते. पासवर्ड, प्रवेशाचे अधिकार आणि आपला डेटा यांची जबाबदारी आपलीच राहते. कामगारांची नावे आणि मोबाइल क्रमांक तुम्ही साठवणार असाल, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचून ठेवावा, कारण पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जे लागत नाही ते साठवूच नये, हे मला सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित वाटते.

बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, हे पाच हजारांच्या हिशेबात धरावे. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल, तर तो क्रमांक खात्यात भरल्यावर कराचे क्रेडिट घेता येते. आपला डेटा जेथे राहील ते कंपनीचे केंद्र निवडताना बेळगावला मुंबई किंवा पुणे जवळचे आहे : ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून आहे आणि ॲझ्युअरचे पुण्यात आहे. बॅकअपची एक प्रत दुसऱ्या शहरात ठेवावी. ॲमेझॉनचे हैदराबाद केंद्र २०२२ पासून उपलब्ध आहे. बॅकअप परत उतरवून पाहिल्याशिवाय तो घेतला असे समजू नये.

तुमचे ग्राहक मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत नोंदी करतील, म्हणून डेटाबेस पहिल्या दिवसापासून युनिकोडचा (सर्व लिप्यांची अक्षरे सामावणाऱ्या मानकाचा) ठेवावा. एसएमएस पाठवणार असाल, तर इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरी किंवा कन्नडमध्ये ७०. हा खर्च यंत्राच्या भाड्यापेक्षा अधिक होण्याची शक्यता आहे.

उत्तर ४ : खानापूर रोड

टिळकवाडीच्या सदस्यांचा मुद्दा मला मान्य आहे. ठरावीक भाड्याचे यंत्र घेणार असाल, तर डेटाबेस पोस्टग्रेससारखा मुक्त स्रोताचा (कोणत्याही कंपनीकडे चालवता येणारा) ठेवा आणि छायाचित्रे यंत्राच्या डिस्कवर न ठेवता ऑब्जेक्ट स्टोरेजमध्येच ठेवा. म्हणजे वापर कसा होतो हे दोन-तीन महिन्यांत दिसल्यावर प्रोग्रॅम सर्व्हरलेसकडे नेणे किंवा न नेणे, दोन्ही सोपे राहील. लोड बॅलन्सर (काम अनेक यंत्रांत वाटणारी सेवा), अनेक यंत्रे, कुबरनेटिस (अनेक यंत्रांवर प्रोग्रॅम चालवण्याची व्यवस्था) यांपैकी काहीही आता घेऊ नका. नवउद्योगांना मोठ्या कंपन्या क्रेडिट, म्हणजे बिलातून वळती होणारी सवलतीची रक्कम, देतात, त्यासाठी अर्ज जरूर करावा, परंतु क्रेडिटला मुदत असते. म्हणून ते संपल्यावर दरमहा किती भरावे लागेल, तो आकडा आजच काढून ग्राहकाकडून घ्यायच्या शुल्काशी ताडून पाहावा.