पापण्यांच्या शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणाबाबत मदत हवी आहे

नमस्कार. माझी पुतणी यंदा नेत्ररोगशास्त्रात एम.एस. पूर्ण करीत असून तिला पुढे ऑक्युलोप्लास्टी, म्हणजे पापण्या, अश्रुमार्ग व डोळ्याची खोबण यांच्या शस्त्रक्रिया, शिकायची आहे. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी तिची आजी आत वळलेल्या पापणीचे केस चिमट्याने उपटून घेत असे, तरीही डोळ्यात फूल, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग, पडलेच. त्यामुळे हा विषय आम्हाला केवळ सौंदर्याचा वाटत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद किंवा मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात फेलोशिप केलेल्यांनी कृपया सांगावे की, तेथे स्वतःच्या हाताने शस्त्रक्रिया कितपत करू देतात, विद्यावेतनात राहण्याचा खर्च भागतो का, आणि परतल्यावर यवतमाळसारख्या जिल्ह्यात एवढ्याच कामावर दवाखाना चालतो, की मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियाही कराव्याच लागतात?