इस्तंबूल कालवा खोदू नये, असं मला का वाटतं

खारावारा:
तुर्कस्तानच्या ‘कनाल इस्तंबूल’ या नियोजित कालव्याची घोषणा २०११ सालची. इस्तंबूलमधल्या बॉस्फरस या नैसर्गिक सामुद्रधुनीच्या पश्चिमेला, काळ्या समुद्रापासून मार्मारा समुद्रापर्यंत सुमारे ४५ किलोमीटर लांब आणि २०.७५ मीटर खोल कालवा. त्यावरची बहुतेक भांडणं जहाजं, जमिनी आणि १९३६ च्या माँत्रो कराराभोवती (या सामुद्रधुन्यांतली जहाजवाहतूक त्याने ठरते) फिरतात. माझा विरोध पाण्यासाठी आहे.

बॉस्फरसमधून एकाच वेळी दोन प्रवाह वाहतात. वरून काळ्या समुद्राचं पाणी मार्माराकडे जातं. डॅन्यूब, नीपरसारख्या नद्यांमुळे ते हलकं असतं, किलोमागे जेमतेम १८ ग्रॅम मीठ. खालून भूमध्य समुद्राकडचं जड, खारं पाणी बरोबर उलटं येतं. तिथल्या कोळ्यांना हे ठाऊक होतंच. १६८० च्या सुमारास लुइजी मार्सिली या तरुण इटालियनाने पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे दोराला बांधून पाण्यात सोडले. वरचे तुकडे मार्माराकडे ओढले गेले, खालचे काळ्या समुद्राकडे वळले. मग त्याने एक पेटी घेतली, मध्ये पडदा घातला, पडद्याला वर आणि खाली भोकं ठेवली. एका बाजूला हलकं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं. दोन्ही प्रवाह पेटीतही उमटले. समुद्रशास्त्रात इतका स्वच्छ प्रयोग मी दुसरा वाचलेला नाही.

आता कालव्याकडे या. खोली २१ मीटरसुद्धा नाही आणि मार्माराचा वरचा थरच साधारण २५ मीटरचा आहे. म्हणजे कालव्यातून जाणार ते प्रामुख्याने वरचं पाणी, एकाच दिशेनं, नद्यांनी आणलेला, शेवाळ वाढवणारा नायट्रोजन-फॉस्फरस सोबत घेऊन. मार्माराच्या खालच्या पाण्यात ऑक्सिजन आधीच अपुरा आहे. २०२१ मध्ये किनाऱ्यांवर पसरलेला तो चिकट, पिवळट थर सगळ्यांनी पाहिलाय. अशा समुद्रावर आणखी भार टाकायचा?

दीपस्तंभ:
कालवा हवा तो बॉस्फरसमधले टँकर हलवण्यासाठी. बॉस्फरस सर्वांत अरुंद जागी सुमारे ७०० मीटर रुंद. येनीकोयजवळ जहाजाला जवळपास ८० अंशांत वळावं लागतं, तेही प्रवाह ढकलत असताना. १९७९ मध्ये ‘इंडिपेंडेंटा’ हा तेलवाहू टँकर बॉस्फरसच्या दक्षिण तोंडाशी दुसऱ्या जहाजावर धडकला, ४० हून अधिक खलाशी गेले, आग कित्येक दिवस धुमसत होती. काठावर लाखो लोक राहतात. पाण्याच्या थरांची काळजी करा, पण त्या माणसांचीही करा. तेलगळतीने मार्माराचं काय होईल?

हिशेबनीस:
कालव्याने काळा समुद्र रिता होईल, असं काही जण सांगत फिरतात. ते चूक आहे. वर्षाला सुमारे ६०० घन किलोमीटर पाणी वरून बाहेर जातं, सुमारे ३०० खालून आत येतं. मधला ३०० चा फरक म्हणजे नद्या आणि पावसाचं बाष्पीभवनानंतर उरलेलं पाणी. कालवा खोदल्याने नद्या वाढत नाहीत, त्यामुळे हा फरक तोच राहणार. कालवा म्हणजे त्याच घराला आणखी एक दार, एवढंच.

खारावारा:
फरक तोच राहील, मान्य. पण देवाणघेवाण तीच राहील असं नाही. मिठाचा ताळेबंद मांडा: ६०० गुणिले १८ आणि ३०० गुणिले ३६ (खालच्या पाण्यातलं किलोमागचं मीठ), दोन्ही सारखेच. आता थोडं वरचं पाणी कालव्याने गेलं, की बॉस्फरसमधल्या वरच्या प्रवाहाचा जोर उतरतो आणि खालच्याला वाट मोकळी होते. निव्वळ उदाहरण म्हणून बाहेर ६३० आणि आत ३३० धरा. मीठ जुळवायचं तर काळ्या समुद्राचे १८ जवळपास १९ वर जातात.

हिशेबनीस:
जातील, पण कधी? काळा समुद्र साडेपाच लाख घन किलोमीटरच्या आसपास आहे. इतकं पाणी बदलायला शतकं लागतात. शिवाय ४५ किलोमीटरच्या अरुंद चरात घर्षण किती असेल, याचा विचार तुमच्या ६३० मध्ये कुठे दिसत नाही. आणि आजचा प्रवाह तरी स्थिर कुठे आहे? दक्षिणेचा ‘लोदोस’ वारा जोरात सुटला की वरचा प्रवाह थांबतो, कधी उलटाही फिरतो. तिथले लोक त्याला ‘ओर्कोझ’ म्हणतात. समुद्र हे दर हिवाळ्यात पचवतो.

खारावारा:
ओर्कोझ चार दिवसांत ओसरतो, कालवा कायमचा उघडा राहतो. हे दोन्ही एका तराजूत कसे घालता? शतकांचा हिशेब काळ्या समुद्रासाठी ठीक आहे. मार्मारा त्यामानाने अगदीच लहान, साडेतीन हजार घन किलोमीटरच्या आत. त्याचा वरचा थर चार-पाच महिन्यांत बदलतो, खालच्याला सहा-सात वर्षं लागतात. वर वाढलेलं शेवाळ मरून खाली बसणार, कुजताना ऑक्सिजन खाणार, आणि नवा ऑक्सिजन दार्दानेल्सकडून, म्हणजे भूमध्याकडच्या सामुद्रधुनीतून, सावकाश येणार. घर्षणामुळे प्रवाह मी धरला त्यापेक्षा कमी निघेल, हे शक्य आहे. पण दिशा बदलणार नाही.

निळीरेघ:
दोघेही सांडपाण्याला बगल देताय. इस्तंबूलचं बरंचसं सांडपाणी जुजबी प्रक्रिया करून खालच्या थरात सोडलं जातं, कारण तो थर ते काळ्या समुद्राकडे घेऊन जाईल असं गृहीत आहे. पण सामुद्रधुनीत दोन्ही थर एकमेकांत घुसळले जातात, आणि त्यातलं काही वरच्या प्रवाहाबरोबर मार्मारात परत येतं. २०२१ चा दोष अजून न खोदलेल्या कालव्याला देता येणार नाही. कालव्याला माझाही विरोधच आहे. पण कालवा रद्द झाला म्हणून मार्मारा वाचला असं समजून लोक घरी गेले, तर या नळांकडे कोण बघणार?

दीपस्तंभ:
सांडपाण्याचं पटलं. टँकरचं मात्र अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. कालवा नको असेल तर मोठ्या टँकरसोबत टग (ओढनौका) आणि वाटाड्या (पायलट), दोन्ही सक्तीचे करा, असं तरी स्पष्ट म्हणा. माँत्रो करारात वाटाड्या ऐच्छिक आहे. कालव्याचे विरोधक ते कलम बदलायची मागणी का करत नाहीत?