रविवारचं मोठं शब्दकोडं: कसं सोडवता? (अनुभव धागा)

आडवाउभा
या रविवारच्या कोड्यात 'पर्वत (२)' (कंसात उत्तराची घरं) दिसलं आणि जुन्या पुरवण्यांतले नग, खग, शर, रव, कच असे सगळे नेहमीचे मानकरी आठवले. म्हणून हा धागा. रोजचं छोटं कोडं नको, पुरवणीतलं अर्धं पान खाणारं घ्या. सुरुवात कुठून करता, कुठे अडतं, अडलं की काय करता, सगळं लिहा.

सुरुवात माझ्याकडून. हे शब्द बोलण्यात कोणी वापरत नाही, तरी दर आठवड्याला हजर, कारण त्यांना काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. मराठी कोड्यात एका घरात पूर्ण अक्षर बसतं, आणि ते आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत मात्रेसकट जुळावं लागतं. 'की' असलेलं घर दोन्हीकडे 'की'च हवं. नुसता 'क' मात्र कुठेही खपतो. रचणाऱ्याचा कोपरा भरेना की तो हमखास बिनमात्रेच्या अक्षरांकडे वळतो. तेव्हा कोपऱ्यातला दोन-तीन घरांचा शब्द अडला तर आधी बिनमात्रेचे पर्याय लावून बघा.

खोडरबर
पहिल्या फेरीत फक्त गाळलेल्या जागा. 'नाचता येईना ___ वाकडे', 'अति तेथे ___'. अंगण, माती, पुढे चला. समानार्थी शब्दांना दुसऱ्या फेरीपर्यंत हात लावायचा नाही.

कानामात्रा
क्लूचं व्याकरण बघा हो आधी! क्लू 'णे'वर संपतो म्हणजे उत्तरही बहुतेक 'णे'वर संपणार. शेवटच्या घरात हलक्या हाताने णे लिहून मोकळं व्हायचं. क्लू अनेकवचनी असेल तर उत्तरही तसंच, 'मोठी', 'गोरी' असलं विशेषण असेल तर उत्तर स्त्रीलिंगी.

पण एक मेख आहे. मराठीत ण-ने सुरू होणारा शब्द नाही. म्हणून आडव्या शब्दाच्या शेवटच्या घरात उभ्या शब्दाचा आकडा छापलेला असेल तर तिथे णे येऊच शकत नाही. 'पळून जाणे (४)' घ्या. शेवटचं घर बिनआकड्याचं असेल तर 'निसटणे' चालेल. आकडा असेल तर 'पलायन', आणि खाली न-ने सुरू होणारा शब्द शोधा. ळ-चंही तेच.

पाटीपेन्सिल
हे भारी आहे. आकड्याकडे असं कोण बघतं!

कानामात्रा
सगळ्यांनी बघावं. आकडा छापलाय म्हणजे ती फुकटची माहिती आहे.

जोडाक्षर
नव्यांसाठी घरं मोजायचं लिहितो, निम्मे घोळ तिथेच होतात. रफार पुढच्या अक्षराबरोबर जातो, पर्वत = प, र्व, त. अनुस्वार ज्याच्या डोक्यावर त्याच्याच घरात, पंकज = पं, क, ज. वाङ्मय तीन घरं (वा, ङ्म, य). अर्धचंद्र चार. जोडाक्षर फोडून दोन घरांत लिहायचं नाही. बोलताना 'सूर्य' लांब वाटतो, पण घरं दोनच.

आणि जोडाक्षर असलेलं घर सापडलं तर ते सोन्याचं. ३४ व्यंजनं गुणिले बाराखडीचे १२ म्हणजे ४०८ अक्षरं, जोडाक्षरं वेगळीच. इंग्रजीत एका घरात २६ पर्याय. म्हणून आपल्याकडे एक छेदणारं अक्षर मिळालं की उत्तर जवळजवळ हातात. तोटा असा की रचणाऱ्याला जुळवणं महाकठीण, म्हणून आपल्या जाळीत काळी घरं फार.

उकलकर्ती
पाण्याचं कुटुंब पाठ करा, दर रविवारी कामाला येतं. दोन घरं: जल, नीर, तोय, पय. तीन: उदक, सलिल, जीवन. आता यांच्याच पुढे एक अक्षर लावायचं. ज लावला की कमळ (जलज, नीरज, अंबुज), द लावला की ढग (जलद, नीरद, अंबुद), धी लावली की समुद्र (जलधी, वारिधी, अंबुधी). सगळे तीन घरांचे! म्हणजे क्लू 'समुद्र (३)' असेल तर धी आधी लिहून ठेवता येते, पहिली दोन घरं छेदणारे शब्द देतात. 'सागर' आलं तर धी खोडा, म्हणून पेन्सिल. भाजी करपतेय, बाकी नंतर.

आडवाउभा
ताई, भाजी आधी बघा, समुद्र कुठे पळत नाही :)

खोडरबर
पेन्सिलचा विषय निघालाच आहे तर. पुरवणीच्या कागदावर फार टोकदार पेन्सिल नको, कागद फाटतो. बोथट एचबी, हलका हात. शंका असलेलं अक्षर घराच्या कोपऱ्यात बारीक लिहा, खात्री झाली की मधे मोठं. शाईचं पेन फुटतं आणि मागच्या पानावर उमटतं. दोनदा खोडलं की घर काळपट होतं, मग ते काळं घर आहे की पांढरं तेच कळत नाही.

पाटीपेन्सिल
बॉलपेनने सोडवणारे लोक धन्य होत.

रिकामं_घर
पुराणातली नावं राहिली. अर्जुनाची यादी हवीच: पार्थ २, किरीटी ३, फाल्गुन ३, आणि चार घरांत धनंजय, सव्यसाची, गुडाकेश. चार घरं आली की तिसरं अक्षर मिळवा: ज, सा की के. निकाल लागतो. शंखही येतात. कृष्णाचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय. नकुलाचा सुघोष आणि सहदेवाचा मणिपुष्पक क्वचितच, पण पाच घरं भरायची असली की मणिपुष्पकाला बोलावणं जातं.

जोडाक्षर
ऱ्हस्व-दीर्घाची तक्रार कोणी केली नाही अजून? १९६२ च्या नियमांनी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ केला, कवी, रवी, हरी. पण उभा शब्द 'विनय' असला की रचणारे बिनदिक्कत आडवा 'रवि' लिहून टाकतात. तेव्हा क्लू पक्का आहे आणि फक्त शेवटची वेलांटी भांडतेय असं झालं तर उत्तर बदलू नका, छेदणाऱ्या शब्दावर विश्वास ठेवा. शब्दाच्या मधली वेलांटी भांडत असेल तर मात्र बहुधा आपलंच उत्तर चूक.

सातसमुद्र
थोडं अवांतर. पहिलं कोडंही रविवारचंच होतं. २१ डिसेंबर १९१३, 'न्यूयॉर्क वर्ल्ड'ची पुरवणी, आर्थर विन यांनी रचलेलं, हिऱ्याच्या आकाराचं, मधे पोकळ. आता न्यूयॉर्क टाइम्सचं रविवारचं २१ बाय २१ असतं, रोजचं १५ बाय १५. तिथे कोड्याला शीर्षक असतं, आणि सगळ्यात लांब उत्तरं त्या शीर्षकाशी खेळतात, म्हणून एक लांब उत्तर सुटलं की बाकीच्यांची गंमत कळते. क्लूच्या शेवटी प्रश्नचिन्ह म्हणजे कोटी आहे, सरळ अर्थ घेऊ नका. क्लूमध्ये संक्षेप असेल तर उत्तरही संक्षेपच.

जाळी उलटी धरली तरी काळी घरं तिथल्या तिथेच दिसतात, हे आपल्याकडेही बऱ्याच कोड्यांत असतं. छपाईत एखादं काळं घर पांढरं राहिलं तर यावरून पकडता येतं.

पाटीपेन्सिल
गूढ क्लू कोणी सोडवतं का मराठीत?

सातसमुद्र
आपल्या अक्षरांत मस्त जमतात. 'महानगरात दडलेला पर्वत (२)'. 'म्हातारपण उलटल्यावर राज्य (२)'.

कानामात्रा
पहिलं नग, महा-नग-र. दुसरं जरा उलटून राज. उलटताना अक्षर मात्रेसकट फिरतं, काना एकटा फिरत नाही, हे लक्षात ठेवायचं.

आडवाउभा
म्हणजे 'चिमा काय कामाची' :D

जोडाक्षर
पहिली चि ऱ्हस्व, शेवटची ची दीर्घ. कोड्यात बाद.

आडवाउभा
शाळेपासूनचा विश्वास उडाला.

रिकामं_घर
अडलं की काय, ते राहिलंच. मोठं कोडं खरं तर चार-पाच लहान कोड्यांचं असतं, त्यांना जोडणारे एक-दोन लांब शब्द असतात. पाच-सहा घरांचा शब्द बहुतेक सामासिक. शेवट आधी पकडा: कार, शास्त्र, पणा, पूर्वक. मग सुरुवात: महा, लोक, पंच, दश. मधलं आपोआप येतं. तो एक सुटला की पलीकडचा कोपरा उघडतो.

पाटीपेन्सिल
वाचनखूण साठवली. माझा खालचा डावा कोपरा कोणीतरी सोडवा. 'मेघ (३)', मधलं अक्षर र.

उकलकर्ती
नीरद. जलद नाही, तिथे मधे ल. वारिदही नाही, तिथे रि.

पाटीपेन्सिल
बसलं! आता द-वरून खाली 'सैन्य (२)'.

खोडरबर
दल. पेन्सिलनेच लिहा.