मोसिन-नागाँच्या बोअरमधला गंज : किती घासायचं आणि कुठे थांबायचं?

चौथी_खाच

रायफल ९१/३० मोसिन-नागाँ, सोव्हिएत बनावटीची, युद्धकाळातली. बोअर म्हणजे नळीचं आतलं भोक, तिथे गंज आहे. मॅगझिन आणि चेंबर रिकामं असल्याचं पाहून बोल्ट काढला आहे. कॉस्मोलीनचा (साठवणीत गंज लागू नये म्हणून लावलेल्या घट्ट ग्रीसचा) थर मिनरल टर्पेंटाइनने उतरवला, मग ब्राँझ ब्रशचे ३० फेरे केले. चिंदी आधी पिवळट-तपकिरी निघत होती, नंतर काळी, आता विटकरी निघते आणि तो रंग काही कमी होत नाही. मागून दिवा टाकून पाहिलं तर चारही खाचा (गोळीला फिरकी देणाऱ्या पेचदार खोबणी) दिसतात, पण काळपट. पुढच्या १५ सेंमीमध्ये तांबूस ठिपके जास्त आहेत.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. ०००० नंबरचं स्टील वूल वापरावं का? नळीत गज घालून इलेक्ट्रोलिसिस करतात ते या नळीला चालेल का? गंज संपला आणि आता फक्त खड्डे उरलेत, हे ओळखायचं कसं? आणि तोंडाशी साधारण ४ सेंमी लांबीत खाचा अजिबात नाहीत. त्या गंजाने खाल्ल्या असतील का?

तेलाची_बुधली

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर बहुधा चांगलं आहे. क्राउन, म्हणजे नळीच्या तोंडाची कड, झिजलेल्या मोसिन दुरुस्तीला आल्या की सोव्हिएत शस्त्रागारांत नळीचं तोंड आतून मोठ्या व्यासाने कोरून काढत. खराब झालेला भाग त्यात निघून जाई आणि आत, सुरक्षित जागी, नवा क्राउन तयार होई. त्यामुळे लांबी कमी न करता नळी पुन्हा कामाला येई. दिवा तिरपा धरून बघा. गुळगुळीत गोल भिंत आणि जिथे खाचा सुरू होतात तिथे एकदम धारदार पायरी दिसली, तर ते काउंटरबोअर आहे. गंजाने खाल्लेली जागा अशी नेमकी संपत नाही, तिची कड फाटल्यासारखी असते. त्या पायरीच्या कोपऱ्यात मात्र मळ साचून गंज धरतो. तिथे कापूस गुंडाळलेली काडी तेलात बुडवून वेगळी फिरवावी लागते. ब्रश त्या कोपऱ्यात पोचत नाही.

आता रंगांबद्दल. पिवळट-तपकिरी म्हणजे कॉस्मोलीन आणि सुकलेलं तेल. काळा म्हणजे दारूचा कार्बन. निळा-हिरवा म्हणजे गोळीच्या वेष्टनातलं तांबं. विटकरी म्हणजे गंज. तुमच्या यादीत निळा आलेलाच नाही, म्हणजे तांबं अजून आत आहे, असं मी धरून चालेन. युद्धकाळातल्या नळीत हे थर एकावर एक बसलेले असतात : गंज, त्यावर तांबं, त्यावर कार्बन, पुन्हा तांबं. तांब्याचा पापुद्रा असेपर्यंत खालच्या गंजाला तेलही लागत नाही आणि ब्रशही लागत नाही. ३० काय, ३०० फेरे मारलेत तरी वरचं तांबंच चकाकेल.

म्हणून घासणं इथेच थांबवा आणि अमोनियायुक्त तांबेनाशक आणा. नायलॉनच्या ब्रशने ते नळीभर लावा, १० मिनिटं ठेवा, कोरड्या चिंदीने काढा. द्रावण आत सुकू द्यायचं नाही आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेच्या पुढे जायचं नाही. चिंदी निळी आली तर पुन्हा, निळी येईनाशी होईपर्यंत. ब्राँझचा ब्रश किंवा पितळी टोक या कामात वापरू नका. अमोनिया त्यांचंच तांबं विरघळवतो आणि स्वच्छ नळीतूनही चिंदी निळी निघत राहते. मोसिनच्या लाकडावर शेलॅकचा लेप असतो. अमोनिया आणि स्पिरिट दोन्ही त्याला खराब करतात, म्हणून नळी लाकडातून काढून ठेवलेली बरी.

तांबं गेलं की पातळ भेदक तेल. तोंडात रबरी बूच बसवा, नळी तोंड खाली करून उभी करा आणि चेंबरकडून तेल भरा. ७३ सेंमी लांबीच्या या नळीला सुमारे ३५ मिलि पुरतं. २४ तास तसंच ठेवा. मग बूच काढा, तेल वाहू द्या, नवा ब्राँझ ब्रश घ्या आणि २० फेरे. ओली चिंदी, कोरडी चिंदी. असे तीन-चार दिवस. पहिल्या दिवशी विटकरी चिखल येईल, त्याला घाबरू नका.

मझलकडून_नको

वरच्या पद्धतीत माझी भर गजाबद्दल आहे. जुन्या रायफलींच्या नळ्या गंजाने जेवढ्या गेल्या, तितक्याच साफ करणाऱ्यांच्या गजांनी गेल्या आहेत. जोडांचा लोखंडी गज वाकतो, त्याचा प्रत्येक जोड क्राउनला घासतो, आणि क्राउन एका बाजूने झिजला की गोळीमागचा वायू एका बाजूने आधी सुटतो. नेम तिथेच बिघडतो, मग आतला बोअर आरशासारखा असला तरी काय उपयोग.

एकसंध, लेप असलेला गज घ्या. त्याची मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी, म्हणजे ब्रश खाचांच्या पेचाबरोबर वळतो. बोल्टच्या जागी बोअर गाइड बसवा आणि नेहमी चेंबरकडून तोंडाकडे जा. ब्रश तोंडातून पूर्ण बाहेर येऊ द्या, मगच मागे ओढा. नळीच्या मध्येच दिशा उलटवली तर तारा उलट्या मुडपतात आणि ब्रश अडकतो. चिंदी असेल तर बाहेर आल्यावर ती काढून टाकायची, तीच मळकी चिंदी परत आत ओढायची नाही. एसकेएससारख्या रायफलीत मागून गज जात नाही. तिथे तोंडाकडूनच जावं लागतं, पण मग तोंडात बसणारा पितळी गाइड लावल्याशिवाय नको.

स्टील वूल : हो, पण शेवटी. झिजलेल्या ब्राँझ ब्रशवर ०००० चा पातळ पदर गुंडाळा, तेलात भिजवा, १० फेरे, मग बघा. कोरडं कधीच नाही. गज घट्ट जायला लागला तर पदर जाड झाला आहे, कमी करा. त्याहून खरखरीत वूल, एमरी पावडर, ड्रिल मशीनला जोडलेला तारेचा ब्रश यांतलं काहीही बोअरमध्ये जाऊ नये. खड्ड्याच्या तळाशी असलेला गंज यातलं काहीच काढत नाही. उलट खड्ड्याभोवतीचा चांगला उंचवटा तेवढा घासला जातो.

चिमूटभर_सोडा

स्टील वूलबद्दल थोडं वेगळं मत. पोलादाचे सुटे तंतू खड्ड्यांत अडकून राहतात आणि दोन दिवसांत तेच गंजतात, मग चिंदी पुन्हा विटकरी येते आणि माणूस पुन्हा घासत बसतो. वापरायचंच तर नंतर नळी धुऊन काढायची. पण विरघळवून काम होत असेल तर घासायचं कशाला?

गंज पकडून विरघळवणारी, आम्ल नसलेली द्रावणं मिळतात. ती लोखंडाच्या ऑक्साइडला पकडतात, शाबूत पोलादाला जवळजवळ हात लावत नाहीत. वर सांगितल्याप्रमाणेच बूच लावून नळी भरा, १२ ते २४ तास. हे जमलं नाही असं सांगणारे बहुतेक जण एकच चूक करतात : आधी भेदक तेल वापरलेलं असतं आणि ते पूर्ण काढलेलं नसतं. द्रावण पाण्याचं असतं, तेलाच्या थरातून ते गंजापर्यंत पोचत नाही. ॲसिटोन लावलेल्या चिंद्या स्वच्छ निघेपर्यंत फिरवा, मगच भरा. थंडीत काम मंदावतं, २० अंशांच्या वर तापमान असलेलं चांगलं. एक काळजी अशी की ब्लूइंग, म्हणजे नळीवरचा काळा-निळा संरक्षक थर, हेही लोखंडाचं ऑक्साइडच आहे. द्रावणाला ते आणि गंज यांतला फरक कळत नाही. बाहेर ओघळ आला तर लगेच पुसा, नाहीतर नळीवर पांढुरका पट्टा कायमचा राहतो.

व्हिनेगर, फॉस्फोरिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल नको. त्यांना गंज संपल्याचं कळत नाही. ती पुढे पोलादालाही लागतात, आणि खाचांच्या कडा सगळ्यात आधी जातात.

इलेक्ट्रोलिसिस चालतं, पण या नळीत जागा फार कमी आहे. बोअर ७.६२ मिमी. त्यात ६ मिमीचा गज घातला तर दोन्ही बाजूंना जेमतेम ०.८ मिमी उरतात, जरासा वाकला की शॉर्ट. ४ मिमीचा साधा पोलादी गज घ्या. तो मधोमध राहावा म्हणून दोन्ही टोकांना आणि मध्ये एक-दोन ठिकाणी ओ-रिंग किंवा इन्सुलेशन टेपचे वेढे द्या, आणि मीटरने पाहा की गज आणि नळी कुठेही टेकत नाहीत. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. नळी ऋण, गज धन. हे उलट झालं तर नळीच विरघळू लागते, म्हणून तारा जोडल्यावर दुसऱ्यांदा तपासा. ३ ते ५ व्होल्ट, अर्ध्या अँपिअरच्या आत. १२ व्होल्टचा गाडीचा चार्जर इथे जास्त होतो, पाणी तापून फेस उतू जातो आणि लाकडात मुरतो.

दर अर्ध्या तासाने गज काढून पुसा आणि नवं पाणी भरा. गजावर काळा-विटकरी चिखल बसला की प्रवाह पडतो. हायड्रोजन सुटतो, तेव्हा उघड्या हवेत, ज्योत आणि ठिणगी लांब. पाण्यात मीठ टाकायचं नाही, क्लोरिन तयार होतो. स्टेनलेसचा गज नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. दोन तासांत काम झालं नाही, तर आत तांबं किंवा तेल शिल्लक आहे असं समजा आणि वेळ वाढवण्याऐवजी मागच्या पायरीवर जा.

चौथी_खाच

पायरी धारदार आहे, म्हणजे काउंटरबोअरच. तांबेनाशकाच्या सहा फेऱ्या लागल्या, पहिल्या चार गडद निळ्या. मग ॲसिटोन आणि १८ तास द्रावण. आतून करडा काळपट थर आला होता, तो नायलॉन ब्रशने निघाला. खाचांच्या कडा धारदार आहेत, पुढच्या भागात सुईच्या टोकाएवढे खड्डे. चिंदी पांढरी निघाली, तेल लावून ठेवलं. आज तिसऱ्या दिवशी चिंदी पुन्हा फिकट विटकरी. इलेक्ट्रोलिसिस करू का?

तेलाची_बुधली

नको. हा जुना गंज नाही, नवा आहे. दोन शक्यता. द्रावण काढल्यावर धुऊन लगेच वाळवलं नसेल तर उघड्या पोलादावर काही तासांत नवा गंज येतो. दुसरी शक्यता या रायफलीत जास्त : खड्ड्यांत क्षार आहेत.

या काडतुसांच्या जुन्या लष्करी साठ्यातल्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. तो हवेतला ओलावा ओढतो आणि गंज चालू ठेवतो. तेलात तो विरघळत नाही. तुम्ही वर तेल लावता तेव्हा तो तेलाखाली सुरक्षित बसतो. पाण्यात मात्र सहज विरघळतो. काच पुसायचं अमोनियाचं पाणी लोक यासाठी वापरतात, पण त्यात काम पाणी करतं, अमोनियाचा यात काही वाटा नाही.

एक-दोन लिटर उकळतं पाणी, रबरी नळी जोडलेलं फनेल चेंबरमध्ये घट्ट बसवून, तोंड खाली. हळूहळू ओता. नळीच एवढी तापते की आतलं बरंचसं पाणी आपोआप उडून जातं. ती धरायला जाड कापड लागेल. लगेच दोन कोरड्या चिंद्या, मग पाणी हटवणारं पातळ तेल, आणि नळी गार झाल्यावर नेहमीचं तेल. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने एकेक चिंदी फिरवा. विटकरी रंग आला तर तेवढं पाण्याचं काम पुन्हा करा, घासू नका. आठवड्याची चिंदी स्वच्छ आली की तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. जे काळे ठिपके उरतील ते खड्डे आहेत, आणि खड्डे भरून येत नाहीत. बोअरस्कोप (नळीत घालायचा बारीक कॅमेरा) लावलात तर ते विहिरीएवढे दिसतील, त्यावर विसंबू नका.

यापुढे ही जुनी काडतुसं वापरली तर त्याच दिवशी पाणी. बोल्टचं तोंड आणि फायरिंग पिनही विसरू नका, क्षार तिथेही बसतो.

मझलकडून_नको

रायफल चालवणार असाल तर त्याआधी एवढं तपासा. घट्ट बसणारी चिंदी हळूहळू ढकला. कुठे अचानक सैल झाली आणि पुन्हा घट्ट, तर तिथे नळी फुगलेली असू शकते. दिव्यात त्याच जागी काळं कडं दिसतं का पाहा. दिसलं तर ती रायफल जाणकार गनस्मिथने पाहिल्याशिवाय चालवायची नाही.

नंतर शिशाच्या गोळीने बोअरचं माप. खाचांच्या व्यासापेक्षा किंचित मोठी, मऊ शुद्ध शिशाची गोळी तेल लावून, पितळी गजाने तोंडाकडून ठोकत आत न्या. काउंटरबोअर ओलांडून ती पायरीशी सरळ बसायला हवी. बाहेर आली की मायक्रोमीटर. मोसिनला चार खाचा असल्याने समोरासमोर माप घेता येतं. पाच खाचांच्या ली-एनफील्डमध्ये ते जमत नाही, तिथे व्ही-ब्लॉक लागतो. नव्या नळीचा खाचांमधला व्यास ७.९२ मिमीच्या आसपास असतो.

चेंबर वेगळं तपासा. बोअरमधल्या बारीक खड्ड्यांनी नेम थोडा जाईल आणि तांबं लवकर साचेल, एवढंच. चेंबरमध्ये खड्डे असतील तर काडतुसाचं कवच फुगून त्यांत रुततं आणि बोल्ट उचलत नाही. मात्र मोसिनमध्ये बोल्ट अडकण्याचं साधं कारण चेंबरच्या खांद्याशी उरलेलं कॉस्मोलीनही असतं, म्हणून आधी चेंबर ब्रश आणि टर्पेंटाइन. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांतली जागा, गेजने पाहून घ्या. आणि पहिल्या गोळीआधी बोअर आणि चेंबर दोन्ही कोरड्या चिंदीने पुसा. बोअरमध्ये तेल साचलेलं असताना झाडली तर दाब वाढतो, चेंबर तेलकट असेल तर कवच भिंतीला न धरता सगळा जोर बोल्टवर टाकतं.