किंमत तीच, वजन कमी : आपले अनुभव लिहा

कवडसा

शिवणकामाच्या कपाटाचा खालचा कप्पा आवरताना कपडे धुण्याच्या पावडरीचा एक जुना पुठ्ठ्याचा खोका हाती लागला. आईने त्यात दोऱ्यांची रिळे आणि बटणे जपून ठेवली होती. खोक्याच्या कडेवरचे निव्वळ वजन अजूनही स्पष्ट वाचता येते. त्याच नावाचा, त्याच रंगाचा आजचा खोका मी त्याच्या शेजारी ठेवून पाहिला. समोरून पाहता उंची आणि रुंदी दोन्ही जुळतात. बाजूने पाहिले तेव्हा मात्र नव्या खोक्याची जाडी जुन्याच्या दोन तृतीयांशही भरली नाही.

मला आठवले ते आमच्या घरातले वाद. एक खोका महिनाभर पुरला पाहिजे, असा आईचा पक्का हिशेब होता. तो चुकू लागल्यावर कोणाचा हात सैल आहे, कोण दोनदा पावडर ओतते, यावरून घरात बोलाचाली होत असे आणि बहुतेक वेळा ती माझ्या धाकट्या बहिणीवर येऊन थांबत असे. खोका लहान झाला असेल, ही शंका कोणाच्याही मनाला शिवली नाही, कारण किंमत बदललेली नव्हती आणि खोका समोरून तसाच दिसत होता. वजन कमी केले याचा मला राग आहेच, पण न सांगता कमी केल्यामुळे घरातल्याच माणसांवर संशय घेतला गेला याचे दुःख त्याहून अधिक आहे. आपल्याही घरी असे काही घडले असेल तर अवश्य लिहावे.

निशिगंध

आमच्याकडे साबणाच्या वडीवरून हे लक्षात आले. पूर्वी वडी साबणदाणीत घट्ट बसत असे, आता ती डावी-उजवीकडे सरकते. शिवाय वडीच्या दोन्ही बाजू मधोमध खोलगट केलेल्या आहेत. हातात धरायला ते बरे वाटते, परंतु त्या खोलीएवढा साबण कमी झालेला असतो. तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटले. तिला हा खोका नक्की दाखवा.

रेषा

मी पाकिटे भरण्याच्या यंत्रांवर देखरेखीचे काम अनेक वर्षे केले आहे, म्हणून थोडे आतल्या बाजूने लिहिते.

कच्चा माल, वीज किंवा वाहतूक महागली की उत्पादकापुढे दोन वाटा असतात : किंमत वाढवणे किंवा भरणा कमी करणे. ग्राहकाला किंमत पाठ असते, वजन सहसा नसते, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे दुसरी वाट धरली जाते. यंत्रावर भरण्याचे वजन बदलणे तसे फार अवघड नसते. खरा विचार वेष्टनावर होतो. फळीवर दिसणारा दर्शनी भाग शक्यतो तेवढाच ठेवतात आणि जाडी कमी करतात, बाटलीचा तळ आत दाबतात किंवा पुड्यातील खाचांचा साचा खोल करतात. त्याच सुमारास वेष्टनाची नक्षीही बदलली, तर फरक नव्या रूपाच्या खाती जमा होतो.

तिन्ही बाजूंनी थोडे थोडे घटवले तर डोळ्यांना जवळजवळ काहीच जाणवत नाही. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ३ टक्क्यांनी कमी केली की आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी घटते आणि प्रत्येकी १० टक्क्यांनी कमी केली तर ते २७ टक्क्यांनी घटते.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. प्रत्येक मोकळी जागा ही फसवणूक नसते. वाहतुकीत पावडर खाली बसते, त्यामुळे खोका वरून रिकामा दिसतो. वेफर्सच्या पाकिटात नायट्रोजन भरतात, कारण त्यामुळे वेफर्स चुरत नाहीत आणि त्यातील तेल लवकर खवट होत नाही. म्हणून पाकीट किती फुगलेले आहे याकडे पाहू नये, छापलेले निव्वळ वजन पाहावे.

मुक्तछंद

रेषा, तुमच्या माहितीबद्दल आभार. त्यावरून टोबलरोन या चॉकलेटची गोष्ट आठवली. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये त्याची १७० ग्रॅमची कांडी १५० ग्रॅमची झाली आणि ४०० ग्रॅमची ३६० ग्रॅमची झाली. वजन घटवण्यासाठी त्रिकोणांमधले अंतर वाढवले होते आणि ते इतके उघड दिसत होते की लोकांनी मोठी ओरड केली. दोन वर्षांनी जुनी ठेवण परत आणण्यात आली. ती घट डोळ्यांना दिसली म्हणून लोक बोलले. कवडसा यांच्या खोक्याची जाडी कोणाला दिसत नव्हती, म्हणून घरातल्या मुलीला बोलणी खावी लागली.

अबोली

माझ्या वडिलांना अंथरुणावरून उठता येत नाही. प्रौढांसाठीच्या डायपरचे पाकीट आणले की ते किती दिवस जाईल, याचा अंदाज हातालाच बसलेला असतो. एकदा रात्री उशिरा पाकिटात हात घातला तर ते रिकामे होते. बाबांनीच जास्त वापरले असावेत असे त्यांना स्वतःला वाटले आणि ते ओशाळून माझी क्षमा मागू लागले. त्यांना पाणी दिले आणि रिकामे पाकीट दिव्याखाली धरून वाचले, तेव्हा नगांची संख्या दोनने कमी झालेली आढळली. ती संख्या मागच्या बाजूला, घडीच्या आत जाणाऱ्या कडेवर, इतक्या बारीक अक्षरांत होती की बाबांना चष्म्यानेही वाचता आली नसती.

साबण आठवडाभर आधी संपला तर माणूस वाट पाहू शकतो, पण या वस्तूची वाट पाहता येत नाही. त्या रात्री एका वृद्ध माणसाने आपल्या शरीराबद्दल क्षमा मागितली, ते मी विसरू शकत नाही.

निशिगंध

अबोली, वाचून गलबलून आले. बाबांना नमस्कार सांगा.

सांजवेळ

एका वसतिगृहाच्या भांडारघराचे काम माझ्याकडे आहे. आमची मागणी पेट्यांच्या हिशेबाने जाते. पेटीतील पुड्यांची संख्या कधी बदलली नाही, त्यामुळे कागदोपत्री सर्व काही जुळत होते. तरीही संध्याकाळच्या चहाबरोबर प्रत्येकी दोन बिस्किटे वाटताना रांगेच्या शेवटी असलेल्या मुलांना एकच मिळू लागले. वाढपी मुलांवर ओरडत, मुले वाढप्यांवर चिडत. शेवटी आम्ही ताटात पुडे उघडून मोजणी केली, तेव्हा प्रत्येक पुड्यात एक बिस्कीट कमी निघाले आणि उरलेली बिस्किटेही आधीच्या मानाने पातळ होती. शेवटच्या बाकावरची मुले कायम तीच असतात, हे मला तेव्हा विशेष बोचले.

आता आमची मागणी किलोमध्ये जाते. पुरवठादाराने सुरुवातीला कुरकुर केली, पण आता देयकावर पेटीशेजारी वजनही येते.

वाटसरू

दुकानदाराची बाजूही मांडायला हवी, म्हणून लिहितो. आम्हाला आगाऊ काही कळवले जात नाही. पेटी फोडून फळीवर माल लावताना जुना पुडा आणि नवा पुडा शेजारी आले, तरच आमच्या लक्षात येते. एक आजी पाठमोऱ्या उभ्या राहून दोन पुडे दोन्ही तळहातांवर तोलत होत्या. त्यांनी न बोलता मागच्या रांगेतला जुना पुडा काढला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मीच त्यातला माल काढून घेतला होता. ग्राहकाचा रोष समोरच्या माणसावर निघतो आणि समोर आम्ही असतो.

प्राजक्त

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कोणाला दुखवण्यासाठी नाही. लहानपणी आमच्या घरी रोजच्या मजुरीतून रोजचे सामान येत असे. हातात जेवढी नाणी असत तेवढ्यातच शाम्पूची पुडी, चहाची पुडी आणि काड्यापेटी बसवावी लागत असे. किंमत थोडी जरी वाढली असती तर ती वस्तू त्या दिवशी घरात आलीच नसती. पुडी बारीक झाली तर चहा फिकट होत असे, पण होत असे. ज्याला सुट्या पैशांत जगायचे असते, त्याच्यासाठी ठरलेली किंमत टिकणे हीच मोठी सोय असते. म्हणून वजन घटवणे हा सरसकट अपराध आहे, असे मला म्हणवत नाही.

कवडसा

प्राजक्त, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. ठरलेल्या किमतीच्या छोट्या पुडीबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. माझा आग्रह एवढाच आहे की आजपासून पुडीत किती कमी आहे, हे त्या पुडीवरच ठळक अक्षरांत लिहावे. फिकट चहा पिणाऱ्यालाही तो फिकट का झाला हे कळले पाहिजे.

प्राजक्त

याबाबत आपल्यात काहीच मतभेद नाही.

दीपस्तंभ

कवडसा यांचा आग्रह काही देशांनी कायद्यात आणला आहे. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना, वजन घटवूनही प्रतिकिलो किंवा प्रतिलिटर दर वाढलेल्या वस्तूजवळ तसा फलक दोन महिने लावावा लागतो. ब्राझीलमध्ये ही सूचना वेष्टनावरच छापण्याचे बंधन आहे आणि २०२१ च्या नियमाने तिची मुदत किमान सहा महिने केली. दक्षिण कोरियातही २०२४ पासून उत्पादकांना अशी घट तीन महिने जाहीर करावी लागते. मला ब्राझीलची पद्धत अधिक योग्य वाटते. फलक दुकानातच राहतो, वेष्टन मात्र अबोली यांच्या बाबांच्या उशाशी येते; अर्थात अक्षरे त्यांना वाचता येतील एवढी मोठी हवीत.

सरकारी महागाईच्या आकड्यांत हे धरले जाते का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. अनेक देशांच्या सांख्यिकी संस्था वजनातील फरक लक्षात घेऊनच किमतींची तुलना करतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी २०१२ ते जून २०१७ या काळात २,५२९ वस्तूंचे आकारमान घटल्याचे नोंदवले होते. त्यामुळे देशाच्या हिशेबात ही वाढ धरली जाते, पण घरच्या हिशेबात ती कोणाच्या तरी उधळेपणाच्या नावावर पडते.

मुक्तछंद

हिशेबावरून दोन गोष्टी. किंमत तीच ठेवून माल १० टक्क्यांनी कमी केला, तर प्रत्यक्ष दरवाढ ११ टक्क्यांहून थोडी अधिक होते, कारण तेवढेच पैसे आता ९० भागांसाठी मोजावे लागतात. दुसरी गोष्ट मला अधिक खटकते. १०० ग्रॅमचा पुडा आधी ८० ग्रॅमचा होतो आणि काही काळाने त्यावर ‘२५ टक्के अधिक’ अशी पिवळी पट्टी येते. ८० वर २५ टक्के म्हणजे पुन्हा १०० ग्रॅमच. ती पट्टी पाहून माझ्या आत्याने आनंदाने दोन पुडे घेतले होते. त्या आनंदाचा असा वापर व्हावा, हे मला पटत नाही.

निशिगंध

केक करताना मात्र काय करावे? जुन्या कृतीत ‘एक डबा आटवलेले दूध’ एवढेच लिहिलेले असते. माझा केक हल्ली कोरडा होतो.

सांजवेळ

निशिगंध, कृती लिहिली गेली त्या काळच्या डब्याचे वजन कोणाला ठाऊक असेल तर ते आधी विचारून घ्या आणि तो आकडा कृतीशेजारी लिहून ठेवा. आमच्या आचाऱ्यांनी सर्व कृतींतले डबे आणि पुडे काढून तेथे ग्रॅम लिहिले आहेत.

वाटसरू

दीपस्तंभ, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडे फळीच्या कडेला किमतीची चिठ्ठी लावायची पट्टी असते. तिच्यावर किमतीखाली प्रतिकिलो दर हाताने लिहायला कालपासून सुरुवात केली आहे आणि वजन बदललेल्या वस्तूंवर जुने व नवे वजन लाल शाईने लिहितो आहे. साबण आणि कपड्यांची पावडर लिहून झाली. डायपरच्या पाकिटांवर प्रतिनग दर आज दुपारी लिहीन.

अबोली

वाटसरू, नगांची संख्याही लिहा, आणि मोठ्या अक्षरांत लिहा.